विन्याला पत्र: रक्तातलं आणि ताटातलं

रामबाग, इंदूर

प्रिय विन्या,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तिकडे इंग्लंडात लेस्टरच्या डॉक्टरांनी पुढच्या दहा वर्षांतला हार्ट अटॅक-लकव्याचा धोका काढला, वंशाच्या रकान्यात 'भारतीय' लिहिलं, आणि तू हात टेकलेस: "आपल्या रक्तातच आहे, करणार काय?" काका लकव्यानेच गेले, तेव्हा तुझं मन तिकडे धावणारच. पण त्याच हिशेबात तुझा पोस्टकोडही धरतात, हे पाहिलंस का? वस्ती गरीब असली की आकडा चढतो. सगळं रक्तात असतं तर पत्ता कशाला विचारला असता?

जपान्यांचंच घे. जपानमधले, होनोलुलूतले आणि सॅन फ्रान्सिस्कोतले जपानी पुरुष एका अभ्यासात शेजारी ठेवून पाहिले. मूळ एकच, पण लकवा जपानात जास्त आणि हृदयविकार कॅलिफोर्नियात. अमेरिकेत 2003 पासून तीस हजारांवर गोऱ्या-काळ्या लोकांवर लक्ष ठेवलं गेलं. वरचं बीपी 10 ने वाढलं की गोऱ्यांचा लकव्याचा धोका 8 टक्के वाढला, काळ्यांचा 24. एवढी तफावत नुसत्या कातडीने पडते, हे मला पटत नाही. बीपी किती वर्षं चढलेलं राहिलं, औषध कोणाला वेळेवर मिळालं, हेही त्यात असणारच.

आता आपलं. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3. चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! तेव्हा "मी कुठे जाडा आहे?" हे मला सांगू नकोस. टेप घे, कंबर 90 सेंटिमीटरच्या वर असली तर जेवणानंतरचं श्रीखंड बंद. आणखी एक, लकव्याबद्दल. गोऱ्यांमध्ये मानेतली मोठी नस आवळण्याचं प्रमाण जास्त, आपल्याकडे आणि चिनी-जपान्यांत कवटीच्या आतल्या नसा. म्हणून मानेची सोनोग्राफी चांगली आली तरी निर्धास्त होऊ नकोस.

बाकी 32 देशांच्या पाहणीत बदलता येण्यासारखी दहाच कारणं जवळजवळ 90 टक्के लकव्यांच्या मुळाशी निघाली. प्रत्येक कारणाचं वजन प्रदेशागणिक कमी-जास्त, पण एकूण पाहता बीपीइतकं भारी दुसरं कोणी नाही.

आणि इथे? परवा दवाखान्यात एक आजोबा आले, बीपी 170/100. गोळ्या कधीच्याच बंद. "काही त्रासच नव्हता हो, उगाच सवय कशाला लावून घ्यायची?" सकाळी काय खाल्लं विचारलं, तर पोहे. पोह्यांत मीठ, वर शेव, तिच्यात मीठ, त्यावर जिरावण मसाला, त्यात काळं मीठ. शिवाय जाताना मलाच विचारतात, "पोह्यांनी काय होतंय, डॉक्टर?" आपल्या इंदुरात या प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे भांडण ओढवून घेणं!

तू एवढं कर: घरी बीपीचं मशीन आण, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोज, आकडे मला पाठव. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, तीही करून घे. आणि सिगारेटचं तू पत्रात काहीच लिहिलं नाहीस, ते मुद्दाम गाळलंस हे मला कळतं. वहिनींकडून खरं काय ते काढून घेईन.

तुझा,
बंड्या