सायकेडेलिक बँडला किनारा नको, नाट्यगृह द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळी हंगामात कोकणात येणाऱ्या ‘सायकेडेलिक’ बँडना ग्रामपंचायतींनी परवानगीच देऊ नये, असं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचलं. पत्रलेखकांची कारणं दोन. हे नशेचं संगीत आहे आणि ते परकं आहे. माझा कणकवलीत मंडप आणि साऊंडचा धंदा आहे. डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना), दशावतारी नाटकं, साखरपुडे, प्रचारसभा, सगळ्यांचे माईक लावून झालेत. तेव्हा आवाजाबद्दल बोलायचा थोडा हक्क मलाही आहे.

पहिलं कारण खोटं नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत एलएसडी या भास घडवणाऱ्या अमली पदार्थाच्या नादी लागलेली जी पोरं होती, त्यांच्याच संगीताला हे नाव चिकटलं. गोव्यात अंजुणा-वागातोरला पुढे काय झालं, ते आपण बांद्याच्या अलीकडे बसून बघितलंय. भीती वाटणारच. पण आज त्या नावाखाली वाजवणारे सगळे तसलेच, असं धरून चालायचं तर आधी एखाद्याला ऐकायला तरी हवं.

मला भाच्याने ख्रुआंगबिन ऐकवला. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या ह्युस्टनचा हा तिघांचा बँड. लॉरा ली ओचोआ बास (खर्जातली गिटार) वाजवते, मार्क स्पीअर गिटार आणि डोनाल्ड जॉन्सन ड्रम. यातले स्पीअर आणि जॉन्सन चर्चमधल्या भक्तिगीतांना साथ करायचे, तिथेच त्यांची गाठ पडली. म्हणजे आपल्याकडचा पेटीवाला आणि पखवाजवाला देवळात भेटावेत तसंच. सुरुवातीच्या तालमी आणि रेकॉर्डिंग खेड्यातल्या एका गोठ्यात. २०१५ साली पहिला अल्बम आला. त्यांना नाद लागला होता तो थायलंडमधल्या १९६०-७०च्या दशकांतल्या गाण्यांचा. व्हिएतनाम युद्धाच्या काळात थायलंडमध्ये अमेरिकी फौजांचे तळ होते, त्यांच्याबरोबर इलेक्ट्रिक गिटार आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांचं सोल संगीत आलं, आणि तिथल्या वादकांनी त्यात आपले सूर घातले. ते ऐकून पुन्हा टेक्सासची पोरं वाजवायला लागली. २०२२मध्ये याच तिघांनी आफ्रिकेतल्या माली देशाच्या व्यू फार्का तुरे या गिटारवाल्याबरोबर त्याच्या वडिलांची, अली फार्का तुरेंची गाणी केली. आता यातलं परकं कुणाला कोण?

ऐकताना माझं लक्ष साहजिकच आवाजाकडे. गाणं जवळपास नाहीच. गिटारच गाते, आणि तिच्या प्रत्येक सुरामागे शेपटासारखा इको. ड्रमवाला एकच ठेका धरून बसतो. आपला पखवाजवाला दोन मिनिटांत तोडे-तिहाया सुरू करील, हा पठ्ठ्या जागचा हलत नाही. डबलबारीत गजराला कोरस एकच ओळ घोळत राहतो, लय चढत जाते आणि समोरची माणसं डोलायला लागतात. इथे लय चढत नाही, तरी डोलायला होतं. ते कसं होतं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पण डोलण्यासाठी भाच्याला दारूची गरज पडली नव्हती आणि मलाही नाही.

इकोवरून आठवलं. भजनी बुवा गौळणीला हात घालण्याआधी मिक्सरकडे बघून बोट फिरवतात, ‘जरा इको वाडय रे!’ वाढवला नाही तर मध्यंतरात शिव्या ठरलेल्या. हा इको कुठून आला? चुंबकीय टेप गोल फिरवून आवाज पुन्हा पुन्हा काढणाऱ्या यंत्रातून. १९७४ साली रोलँड या जपानी कंपनीने असं यंत्र बाजारात आणलं आणि रॉकवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं. आता तेच काम मिक्सरवरचं एक बटण करतं. आपल्या विठ्ठलाच्या अभंगावर चालतो तो इको गिटारवर आला की नशा, हे काही पटत नाही.

परकेपणाचं तर बोलूच नये. दशावतारात जी पायपेटी लागते, तिच्याशिवाय नाटक उभं राहील का? ते वाद्य १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये घडलं. परकं म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, ती थेट १९७१पर्यंत. त्या काळात आमच्या जत्रांमध्ये पेटी वाजतच होती. दशावतारातल्या संकासुराने रेडिओची परवानगी मागितल्याचं ऐकिवात नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे, ती ‘इंडिपेंडंट’ म्हणजे स्वतंत्र बँडच्या इथे होणाऱ्या आबाळीची. ‘इंडिपेंडंट’ बँड म्हणजे ज्याच्या मागे फिल्म कंपनी नाही, मोठा पैसेवाला नाही. तोक्योचा किकागाकू मोयो हा बँड २०१२ साली निघाला. त्यातला एक वादक भारतात येऊन पंडित मणिलाल नाग यांच्याकडे सतार शिकून गेला होता. त्यांनी स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि २०२२मध्ये आपणहून थांबले. आमच्या भाच्याच्या चार मित्रांचाही असाच बँड आहे. गिटार, बास, ड्रम आणि एक पखवाज. गेल्या डिसेंबरात एका रिसॉर्टने बोलावलं. साऊंड माझाच होता. दिवे तापले की पखवाजाच्या डाव्या पुडीवरची कणीक सुकते, सूर चढतो, म्हणून पोरगा दर दोन गाण्यांमागे ओला हात फिरवत होता. तिसरं गाणं रंगात आलं आणि मॅनेजर पेन ड्राइव्ह घेऊन आला. ‘आता हे लावा, गेस्ट कंटाळलेत.’ ठरलेली बिदागी मिळाली नाही, जेवण मिळालं. कोळंबी चांगली होती, एवढं मात्र म्हणेन.

किनाऱ्यावर कार्यक्रम नको, या मुद्द्यावर मी पत्रलेखकांच्या बाजूचा आहे. माझ्या धंद्याचं नुकसान असलं तरी. वेळास, आंजर्ले, गावखडी, वायंगणी इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. तिथे स्टेजचे प्रखर ‘पार’ लाइट लावायचे म्हणजे पिल्लांना समुद्राऐवजी स्टेजकडे वळवायचं. शिवाय २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार रात्री १२पर्यंत सूट देऊ शकतं, ते दिवस बहुधा सणांतच संपतात. रिसॉर्टवाले हे पाळतात का, ते किनाऱ्यावर राहणाऱ्यांना विचारा.

पण बंदिस्त सभागृहाला हा नियम तसा लागू नाही. मालवणला मामा वरेरकर नाट्यगृह आहे, रत्नागिरीला सावरकर नाट्यगृह आहे. अशा ठिकाणी दोनशे माणसं बसली, आवाज माफक ठेवला, तर या संगीताचं खरं रूप कळतं. मोकळ्या वाळूवर बासचा खर्ज नुसता वाऱ्याबरोबर जातो, मग तो परत मिळवायला आम्ही स्पीकरचे डबे वाढवतो आणि शेजारच्या वाडीतली म्हातारी माणसं जागी राहतात.

म्हणून नगरपरिषदांना विनंती. नाटकाच्या तारखा नसतील अशा मंगळवार-बुधवारी स्थानिक आणि बाहेरच्या स्वतंत्र बँडना सवलतीच्या भाड्यात सभागृह द्यावं, आणि ते भाडं दारावर लिहून लावावं, म्हणजे कुणाच्या ओळखीने जावं लागणार नाही. एखाद्या संध्याकाळी आधी बुवांचा गजर आणि मग पोरांचा बँड असा कार्यक्रम ठेवला तर साऊंड मी निम्म्या दरात देईन. पत्रलेखकांना पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवतो. स्पीकरपासून जरा लांबची.

आपला,
एक ध्वनिक्षेपक व्यावसायिक,
कणकवली, जि. सिंधुदुर्ग