रिकाम्या सॉकेटलाही बूच लावा

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

दिवाळी जवळ आली की आमच्या राळेगाव तालुक्यात घरातली एक खोली कापसासाठी मोकळी होते. भाव वाढेल या आशेनं कापूस कधी कधी होळीपर्यंत घरातच राहतो. त्यानं अंगाला खाज सुटते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच कापसाचा फूस, म्हणजे उडणारे बारीक तंतू, टेप-ॲम्प्लिफायरच्या पाठीमागच्या उघड्या सॉकेटांत जाऊन बसतो, याकडे आमच्या घरात कित्येक वर्षं कुणी पाहिलं नाही.

माझ्या वडिलांनी 1986 साली नागपूरच्या सीताबर्डीतून स्टीरिओ ॲम्प्लिफायर आणि कॅसेट डेक आणला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला जाऊन आलं की गावचं भजनी मंडळ आमच्या ओसरीवर बसायचं आणि बाबा खंजिरी भजनं टेप करायचे. त्या मंडळातला आता एकच गाणारा हयात आहे. गेल्या उन्हाळ्यात माझा मुलगा म्हणाला, "आई, या कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवू." त्यासाठी ॲम्प्लिफायरवरचं 'टेप-2'चं आउट सॉकेट लागणार होतं. बाबांनी ते कधीच वापरलं नव्हतं. वायर जोडली तर एका बाजूनं आवाजच नाही, दुसरीकडून नुसती खरखर. टॉर्च मारला. एक सॉकेट कुंभारीण माशीनं मातीनं लिंपून टाकलेलं, दुसऱ्यात फूस आणि हिरवट कीट. फूस पावसाळ्यात ओल धरतो आणि मुलामा झिजला असेल तिथं पितळ हिरवं पडतं. लागत नाही म्हणून ज्या सॉकेटकडे कुणी फिरकत नाही, जुना आवाज वाचवायच्या दिवशी नेमकं तेच लागतं. म्हणून हे पत्र.

तालुक्याच्या ठिकाणी एका कारागिरानं ते पॉलिश पेपरनं घासून दिलं. चकाकलं खरं, पण उरलासुरला मुलामाही गेला आणि पोळ्यापर्यंत पुन्हा कळकटलं. आता आम्ही आधी प्लग काढून वीज तोडतो, कोरड्या ब्रशनं फूस झटकतो आणि कानकाडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसतो. शिलाई मशीनचं तेल लावू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते.

मुलानं ऑनलाइन टोपणं मागवली, त्यात दोन प्रकार आले. साधं रबरी टोपण फक्त झाकतं, ते कुठंही चालतं. दुसरा शॉर्टिंग प्लग. त्यात मधली पिन आणि बाहेरचं कडं आतून जोडलेलं असतं. रेकॉर्ड प्लेअरची (तबकडीची) वायर जोडतात त्या 'फोनो' इनपुटला त्याचा खरा उपयोग, कारण तिथला सिग्नल सुमारे शंभरपट वाढवला जातो आणि रिकामं इनपुट विजेच्या तारांची 50 हर्ट्‌झची गुणगुण ओढून घेतं. पण 'आउट' लिहिलेल्या सॉकेटात तो कधीही घालू नका. आमच्याकडे मुलानं उत्साहात सगळीकडे घातले आणि डेकचा आवाजच बंद झाला. काढल्यावर आला, हे आमचं नशीब. एखाद्या यंत्राचा आउटपुटचा भाग त्यानं कायमचा जाऊ शकतो.

टोपणं मिळाली नाहीत तरी अडत नाही. कृषी केंद्रात मला आठ मिलिमीटर आतल्या व्यासाची रबरी नळी मिळाली. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापून एका तोंडाला एम-सील भरलं, रात्रभर सुकू दिलं आणि सॉकेटांवर चढवलं. घट्ट बसतात. नळी मात्र नवी कोरीच घ्या. फवारणीच्या पंपाची जुनी नळी घरात आणूच नका. 2017 साली आमच्या जिल्ह्यानं फवारणीच्या विषबाधेत माणसं गमावली आहेत. चिकटपट्टीही नको, आपल्याकडच्या 45 अंशांत तिचा गोंद वितळून सॉकेटात उतरतो.

दुरुस्ती करणाऱ्या भावांना माझी विनंती आहे, यंत्र परत देताना रिकाम्या सॉकेटांवर टोपणं लावूनच द्या. आणि संपादक महोदय, हे पत्र कापूस घरात यायच्या आधी छापलंत तर फार बरं होईल. गावोगाव अशा कॅसेटी पेट्यांत पडून आहेत.

आमच्या 23 कॅसेटींपैकी 14 उतरल्या. एकीत भजन सुरू होण्याआधी बाबा म्हणतात, "थांबा रे, टेप चालू होऊ द्या." राहिलेल्या नऊ यंदाच्या वेचणीआधी उतरवायच्या आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. राळेगाव, जि. यवतमाळ