भाऊकाकांच्या काढ्याबद्दल

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मी मध्येच ठेवला, ते चुकलं. पण 'अगं, त्यांचं कर्करोगावरचं औषध त्याच झाडातून तर येतं' हे तू इतक्या सहज म्हणालास की माझ्या पोटात गोळाच आला. काकू रोज सकाळी सदाफुलीची पाच पानं मिक्सरमधून काढते, उकळते आणि भाऊकाकांना देते, ते तुझ्या मेसेजवरून. बंद करायलाही तूच सांग. मी सांगितलं तर तिला पुन्हा साखरपुड्याच्या वेळचं आठवेल.

औषध त्या झाडातून येतं हे खरंच आहे, पण पानात ते तयार भरून ठेवलेलं नसतं. व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही त्यातून मिळणारी कर्करोगावरची दोन औषधं. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनला सुमारे ५०० किलो वाळकी पानं लागतात, व्हिनक्रिस्टिनला सुमारे २,०००. काकांना एका वेळी व्हिनक्रिस्टिन सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. तेवढ्यालाच चार किलो वाळकी पानं झाली. पाच पानांचा हिशेब तूच कर.

मग अपायही नाही, असं म्हणशील. थांब.

सदाफुलीने ही रसायनं बनवण्याचा खटाटोप आपल्यासाठी केलेला नाही, तिला खाणाऱ्यांसाठी केलाय. ट्रिप्टोफॅन, म्हणजे प्रथिनांची एक वीट, प्रत्येक पेशीत असतं. एक एन्झाइम त्यातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं, की ट्रिप्टामिन होतं. दुसरीकडून जिरॅनिऑल येतं (रोशा गवताच्या तेलाचा वास ज्याचा असतो ते), त्याचं पुष्कळ पायऱ्यांनी सेकोलोगॅनिन होतं. त्या वाटेवरचं इरिडॉइड सिंथेज हे एन्झाइम २०१२ साली सापडलं, आणि ते निघालं स्टेरॉइडवर काम करणाऱ्या रिडक्टेज एन्झाइमांच्या घराण्यातलं! जुन्या घराण्यातून नवं एन्झाइम येतं ते असं: जनुकाची एक जादा प्रत पडते. मूळ प्रत घरचं काम सांभाळते, म्हणून जादा प्रतीला बिघडायची मुभा असते. बहुतेक प्रती नुसत्याच बिघडून संपतात, एखादीला नवा उद्योग सापडतो. ट्रिप्टामिन आणि सेकोलोगॅनिन जोडणारं स्ट्रिक्टोसिडिन सिंथेज असंच. सहा पात्यांच्या भिंगरीसारखा त्याचा आकार. तसल्याच आकाराची त्याची दूरची भावंडं प्राण्यांतही आहेत, पण ती पाण्याने बंध तोडायचं काम करतात. हे मात्र जोडतं.

जोडून झालेलं स्ट्रिक्टोसिडिन पेशीच्या रिक्तिकेत (आतल्या पिशवीत) राहतं, त्याला चिकटलेली साखर तोडणारं एन्झाइम केंद्रकात. मध्ये पडदे. अळीने पान चावलं की पडदे फाटतात, दोघं भेटतात, साखर तुटते आणि उरतो तो अल्डिहाइड दिसेल त्या प्रथिनाला चिकटून त्याची गुठळी करतो. काकूचा मिक्सर हेच काम अळीपेक्षा नीट करतो. नंतर उकळल्याने एन्झाइम मरतं, पण तोवर त्याचं काम झालेलं असतं. काकूला केलास का फोन? आधी तो कर, मग पुढे वाच.

पुढची गंमत तुला आवडेल. साखर गेल्यावर आणखी काही पायऱ्यांनी एक अगदी अस्थिर रेणू तयार होतो. एका एन्झाइमच्या खोबणीत तो एका तऱ्हेने दुमडला की कॅथरँथिन होतं, दुसऱ्याच्या खोबणीत वेगळ्या तऱ्हेने दुमडला की टॅबरसोनिन, आणि त्याचं पुढे व्हिंडोलिन. हे उरलेले दुवे २०१८ साली जुळले. ही दुमडणारी एन्झाइमं एस्टर नावाचे बंध तोडणाऱ्यांच्या कुळातली, पण तोडणं विसरलेली. व्हिनब्लास्टिन म्हणजे कॅथरँथिन आणि व्हिंडोलिन यांची जोडी. आता बघ, कॅथरँथिन पानाच्या पृष्ठभागावरच्या मेणात जाऊन बसतं आणि व्हिंडोलिन पानाच्या आत. दोघांची गाठ क्वचित पडते, म्हणून ते ५०० किलो. आणि व्हिनब्लास्टिनच्या एका नायट्रोजनवर मिथाइल या छोट्या अणुगटाच्या जागी फॉर्माइल हा दुसरा आला की व्हिनक्रिस्टिन. एवढ्याशा फरकाने पहिलं मुख्यतः अस्थिमज्जेला जाचतं, दुसरं नसांना. काकांच्या बोटांना मुंग्या येतात आणि पोट साफ होत नाही, ते या दुसऱ्यामुळे.

लेक्चर झालं, माफ कर. यीस्टमध्ये ५६ जनुकीय बदल करून कॅथरँथिन आणि व्हिंडोलिन बनवलं, तो २०२२ चा शोधनिबंध तू जेवताना समजावून सांगितलास, तेव्हा आमटी गार झाली तरी मी उठले नव्हते. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. एवढं कळणारा मुलगा पाच पानांच्या काढ्याचा मेसेज पाठवतो, याचाच राग आला. राग म्हणजे भीतीच ती.

पानात शंभरावर अल्कलॉइडं, म्हणजे अशीच नायट्रोजन असलेली रसायनं, आहेत. त्यातलं अजमॅलिसिन रक्तदाब उतरवतं आणि काका दाबाची गोळी घेतात. १९५० च्या दशकात कॅनडात नोबल आणि बीअर यांनी ही पानं मधुमेहासाठीच तपासायला घेतली होती. तोंडावाटे दिल्यावर उंदरांच्या रक्तातली साखर हलली नाही. सुईने अर्क दिल्यावर पांढऱ्या पेशी घसरल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने मेले. कर्करोगावरचं औषध त्यातूनच हाती लागलं. काढ्याने काकांच्या पेशी पडतीलच असं मी म्हणत नाही. माझी धास्ती वेगळी आहे. केमोने पेशी पडणारच आहेत. जास्त पडल्या तर डॉक्टर खऱ्या औषधाचा डोस कमी करतील किंवा पुढे ढकलतील, आणि काढ्याचं त्यांना माहीतच नसेल.

म्हणून काकूला एवढं सांग. काढा बंद. फ्रीजमध्ये पानं वाटून ठेवली असतील तर तीही टाकून दे. पुढच्या सुईच्या आधी डॉक्टरांना सांगायचं, किती पानं, किती दिवस, कशी केली, लाजायचं नाही. ताप १००.४ च्या वर गेला तर घरी पॅरासिटामॉल देत बसायचं नाही, रात्र असली तरी हॉस्पिटलात. आणि गजकर्णासाठीच्या इट्राकोनॅझोलच्या उरलेल्या गोळ्या त्या कपाटात असतील, त्या काकांनी न विचारता मुळीच घ्यायच्या नाहीत. यकृतात व्हिनक्रिस्टिन मोडणारं एन्झाइम त्या अडवतात, मग ते अंगात साठतं आणि नसा आणखी बिघडतात. कपाट काकूसमोरच उघडायला लाव.

टाकीजवळची सदाफुली मात्र उपटू नका म्हणावं. नानींनी लावलेली आहे, पूजेला फुलं तिचीच असायची. दारातली शेळी सगळं ओरबाडायची, तिला कधी तोंड लावलं नाही.

काकूशी बोलणं झालं की मला मिस्ड कॉल दे. कितीही उशीर झाला तरी, मी जागीच आहे.

तुझी,
आई