डॉकिंगची तारीख इंधनाच्या हिशोबाला ठरवू द्या

प्रति,
मा. डॉ. जितेंद्र सिंह,
राज्यमंत्री, अंतराळ विभाग, भारत सरकार

सविनय नमस्कार.

इस्रोच्या स्पेडेक्स या चाचणी मोहिमेतल्या दोन उपग्रहांचे डॉकिंग, म्हणजे कक्षेत एकमेकांना जोडणे, आधी 7 जानेवारी 2025 रोजी व्हायचे होते, मग 9 जानेवारी ठरली, आणि अंतर 225 मीटरपर्यंत आणताना उपग्रह अपेक्षेपेक्षा जास्त सरकल्याचे दिसल्यावर तीही पुढे ढकलली गेली. डॉकिंग 16 जानेवारीला झाले. थांबण्याचा तो निर्णय मला या मोहिमेतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

कक्षेत पुढच्या उपग्रहाला गाठण्यासाठी मागच्याने नुसता वेग वाढवला, तर तो वरच्या, संथ कक्षेत जाऊन आणखी मागे पडतो. म्हणून त्याला थोडे खाली उतरावे लागते. 475 किलोमीटर उंचीवर 20 किलोमीटर मागे असलेला उपग्रह 1 किलोमीटर खाली उतरला, तर सुमारे 94 मिनिटांच्या प्रत्येक फेरीत तो नऊ किलोमीटरहून अधिक अंतर भरून काढतो आणि साडेतीन तासांच्या आत बरोबरीला येतो. उतरणे आणि पुन्हा चढणे मिळून सेकंदाला साधारण 1.1 मीटर इतका वेगबदल लागतो. तोच 100 मीटर उतरला, तर खर्च एक दशांश होतो, पण जवळजवळ दीड दिवस लागतो. घाईची किंमत इंधनात मोजावी लागते, आणि वर गेल्यावर टाकी भरता येत नाही.

चांद्रयान-3 ने चाळीस दिवसांची वाट धरली ती याच हिशोबाने. अचूक प्रक्षेपण आणि काटेकोर कक्षाबदल यांमुळे लँडरला चंद्राच्या कक्षेत नेणाऱ्या प्रणोदन मॉड्यूलमध्ये 100 किलोहून अधिक इंधन उरले, आणि ते पृथ्वीच्या कक्षेत परत आणता आले.

माणसे असतील तेव्हा हिशोब अर्थातच बदलतो. रशियाचे सोयूझ यान पूर्वी दोन दिवसांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला पोचत असे. 2020 मध्ये ते सुमारे तीन तासांत पोचले. पण त्यासाठी स्थानकाची कक्षाही आधीपासून जुळवून ठेवावी लागते.

चांद्रयान-4 मध्ये पृथ्वीच्या आणि चंद्राच्याही कक्षेत डॉकिंग करायचे आहे. तेव्हा माझी विनंती अशी, की त्या डॉकिंगसाठी एकच तारीख जाहीर न करता काही दिवसांचा अवधी जाहीर करावा, आणि मोहिमेनंतर प्रत्येक टप्प्याला लागलेले इंधन व वेळ यांचा तपशील विद्यार्थ्यांसाठी खुला करावा. स्पेडेक्सपासूनच त्याची सुरुवात करता येईल.

कळावे,
आपला नम्र,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक