बळस स्वच्छ असताना पिशवी कशाला धुता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कृत्रिम रेतन करूनही गाय दोन-तीनदा उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की मालक हमखास म्हणतो, ‘भाऊ, पिशवी धुऊन टाका.’ पिशवी म्हणजे गर्भाशय, आणि धुणे म्हणजे त्यात औषध सोडणे. सिन्नर तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. आता निवृत्त आहे, तरी लोक याचसाठी फोन करतात.

गेल्या पावसाळ्यात जवळच्या वस्तीवरच्या एका ताईंची संकरित गाय तिसऱ्यांदा माजावर आली, म्हणून बघायला गेलो. बळस, म्हणजे माजाच्या वेळी गाईच्या योनीतून येणारा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ होता. दोन बोटांत ताणला तर वीतभर तार निघाली, तुटली नाही. पांढरा कण नाही, वास नाही. तरीही आधीच्या दोन्ही माजांना कुणीतरी पिशवीत प्रतिजैविक सोडून गेले होते, आणि त्या दिवसांचे दूध कॅनमध्ये गेले होते. ते वेगळे काढायचे असते हे ताईंना कुणी सांगितलेच नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले, गाय संध्याकाळी माज दाखवायची आणि रेतन व्हायचे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. पुढच्या वेळी सकाळीच करून घ्या, एवढेच सांगितले. गाय गाभण राहिली.

बळसात पू असेल, व्यायल्यावर वार अडकून पिशवी सडली असेल, तर औषध हवेच. पण नोकरीत असताना मालकाच्या आग्रहाखातर मीही गरज नसताना औषध सोडले आहे, आणि त्याची आज खंत वाटते.

कारण जनावराच्या अंगात जंतूंविरुद्ध स्वतःचा बंदोबस्त असतो. गाईच्या श्वासनलिकेत १९९१ मध्ये जंतुनाशक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, सापडला. त्याच कुळातली पेप्टाइडे गर्भाशयाच्या अस्तरातही तयार होतात. त्यांच्यावर धनभार असतो, जिवाणूच्या आवरणावर ऋणभार. ती आवरणाला चिकटतात आणि त्याला भोके पाडतात. वळूच्या वीर्यातही असेच एक प्रथिन आहे, सेमिनलप्लाझ्मिन, अवघ्या ४७ अमिनो आम्लांचे. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत रेड्डी आणि पुष्प मित्र भार्गव यांनी त्यावर काम केले. ते ई. कोलाय जिवाणूतली आरएनए बनण्याची क्रिया रोखते, हे त्यांनी १९७९ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. आपल्याच देशातले हे काम, पण रेतनाची कांडी रोज हाताळणाऱ्या आम्हा लोकांना प्रशिक्षणात त्याबद्दल कुणी चकार शब्द सांगितला नाही. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने तर अशा पेप्टाइडांचा ‘कॅम्प’ नावाचा संगणकीय संग्रहच करून ठेवला आहे.

ही पेप्टाइडे उद्या बाटलीत भरून मिळतील, असा माझा दावा नाही. शरीरातली विकरे (एन्झाइम) त्यांचे लवकर तुकडे करतात, ती बनवायला महाग पडतात, आणि मात्रा चुकली तर जनावराच्या पेशींनाही इजा करू शकतात. म्हणूनच पशुवैद्यक विद्यापीठाने हा विषय हाती घ्यावा. घोटी-इगतपुरीकडची डांगी गाय मुसळधार पावसात, चिखलात टिकून राहते. तिच्या बळसात काय आहे आणि संकरित गाईच्या बळसात काय, हे कुणी तपासले तर मला फार आनंद होईल.

हे संशोधन होईल तेव्हा होईल. आज हातात असलेली प्रतिजैविके तरी जपून वापरू. कोलिस्टिन हे प्रतिजैविक माणसांच्या उपचारासाठी राखून ठेवायला हवे म्हणून केंद्राने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याचा वापर बंद केला. एकेका औषधावर अशीच पाळी येईपर्यंत थांबायचे का? माजाची वेळ लिहून ठेवा, बळस उजेडात नीट बघा, शंका आली तर औषध सोडण्याआधी त्याचा नमुना तपासा, हे नाशिकच्या प्रत्येक दूधगावात सांगायला हवे. तो नमुना कुठे द्यायचा हेच बहुतेक पशुपालकांना ठाऊक नसते. माझी विनंती आहे की पशुसंवर्धन विभागाने प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात, रेतनासाठी गाय उभी करतात त्या खोड्याजवळ, निदान तेवढी माहिती देणारी पाटी लावावी.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. सिन्नर, जि. नाशिक