सईच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

ती. दादा,
सा. न. वि. वि.

सईने फोनवर विचारलं, "आत्या, बारावी झाली की थेट अमेरिकेत मेडिकलला येऊ का?" तेव्हा घाईत धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. तिलाही वाचायला दे.

इथे पदवीला जोडलेले मोजके अभ्यासक्रम सोडले तर बारावीवर मेडिकल नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकलची चार वर्षं. पदवी अगदी इतिहासाची असली तरी चालते, पण बहुतेक ठिकाणी बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स प्रयोगशाळेसकट केलेलं लागतं.

मग एमकॅट, म्हणजे इथली मेडिकलची प्रवेश परीक्षा. गुण ४७२ ते ५२८ यांच्यामध्ये, आणि परीक्षेचा दिवस साडेसात तासांचा. चार भागांतला एक नुसता वाचनाचा: ९० मिनिटांत ५३ प्रश्न, उतारे कला, तत्त्वज्ञान, समाज असल्या विषयांवरचे. उत्तर उताऱ्यातूनच काढायचं, पाठांतर कामाचं नाही. विज्ञानात पक्की मुलं नेमकी इथे अडखळतात. तेव्हा सई अवांतर वाचते म्हणून रागावत जाऊ नकोस.

एवढं करून गुणवत्ता यादी लागतच नाही! अर्जात जास्तीत जास्त १५ उपक्रम (दवाखान्यातला अनुभव, समाजसेवा असले) लिहायचे, शिवाय 'डॉक्टर का व्हायचंय' यावर ५,३०० अक्षरांचा निबंध आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रं. त्यानंतर बहुतेक कॉलेजं आपापले वेगळे निबंध मागतात, त्याची फीही वेगळी. यातून तरलेल्यांना मुलाखत. काही ठिकाणी ती 'एमएमआय' पद्धतीने होते, म्हणजे एकाऐवजी अनेक छोट्या मुलाखती. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने काढली. एकामागून एक खोल्या. दारावरचा प्रसंग दोनेक मिनिटांत वाचायचा, आत जाऊन बोलायचं. मित्र कॉपी करताना दिसला, काय कराल? रक्त चढवून घ्यायला रुग्ण नाही म्हणतो, काय कराल? विचार कसा करता ते पाहतात, आणि दर खोलीत परीक्षक वेगळा, म्हणजे एकाच्या लहरीवर सगळं अवलंबून नाही. हे मला मनापासून आवडलं.

उपक्रमांचं मात्र पटत नाही. घरात कुणी डॉक्टर असेल तर त्यांच्यामागे दवाखान्यात फिरायला सहज मिळतं. सुट्टीत पोटासाठी काम करणाऱ्या मुलाने तो वेळ कुठून आणायचा? नीटला कितीही नावं ठेवा, ७२० पैकी किती पडले ते निदान कळतं.

खरी अडचण वेगळीच आहे. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसेल तर पुष्कळ कॉलेजं अर्जच घेत नाहीत. घेतात त्यांतली काही चारही वर्षांची फी आधी जमा करून ठेवा म्हणतात, आणि सरकारी कर्ज परदेशी मुलांना मिळत नाही.

म्हणून माझं मत: नीट द्यावी, एमबीबीएस तिकडेच करावं, मग यूएसएमएलई (इथली डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा) देऊन रेसिडेन्सीसाठी, म्हणजे हॉस्पिटलमधल्या पुढच्या प्रशिक्षणासाठी, इकडे यावं. तेही सोपं नाही. जानेवारी २०२२ पासून या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात फक्त पास-नापास कळतं, त्यामुळे दुसऱ्या टप्प्यातल्या गुणांना वजन आलंय. एक बरं झालं, आपल्या एनएमसीला (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला) २०२३ मध्ये डब्ल्यूएफएमई या वैद्यकीय शिक्षणाच्या जागतिक संघटनेची मान्यता मिळाली, १० वर्षांसाठी. त्यामुळे तिकडची पदवी इथे चालेल का, हा प्रश्न तूर्त मिटलाय.

एवढं वाचूनही सई ठाम असेल, तर परदेशी मुलांचे अर्ज घेणाऱ्या कॉलेजांची यादी काढून देईन. पण बारावी होईपर्यंत तिच्यासमोर फीचा आकडा काढू नकोस. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
माई