जहाजावरच्या गोव्याच्या दादांना जाहीर आभारपत्र

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

बार्सिलोनाहून निघून मार्सेय, लिव्होर्नो, चिवितावेक्किया (रोमसाठीचं बंदर), नेपल्स, सँटोरिनी, कुशादासी करत ग्रीसमधल्या पिरिअसला संपणाऱ्या जहाजावर, किनाऱ्यावरच्या सहलींच्या काउंटरमागे तुम्ही उभे असता. तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. आम्ही पुण्याहून ज्येष्ठांचे गट घेऊन येणारी मंडळी. क्रूझच्या जाहिरातीत बंदरांची नावं मोठ्या अक्षरात असतात. त्या बंदरात उतरल्यावर हातात खरे किती तास उरतात, ते कुठेच नसतं. तो हिशोब तुम्ही आम्हाला समजावलात. कुठे तुमच्या काउंटरवरची सहल घ्यायची गरज नाही, हेही स्पष्ट सांगितलंत. सहली विकणं हेच ज्यांचं काम, त्यांच्याकडून हे ऐकायला मिळणं आमच्या लेखी फार मोठी गोष्ट आहे.

तुमचा हिशोब नेहमी शेवटाकडून सुरू होतो. रोमसाठीचा तर आम्ही आता प्रत्येक गटाला फळ्यावर लिहून दाखवतो. समजा सहा वाजता सगळे जहाजावर हवेत. बंदराच्या फाटकावरून जहाजापर्यंतची बस आणि सामानाची तपासणी याला अर्धा तास, म्हणजे साडेपाच. चिवितावेक्किया स्टेशनवरून त्या फाटकाशी यायला ज्येष्ठांना आणखी अर्धा तास, पाच. रोमहून गाडीला साधारण सव्वा तास, पावणेचार. त्यात एक गाडी चुकली किंवा रद्द झाली तर पुढची मिळावी म्हणून आणखी एक तास. म्हणजे पावणेतीनला रोमच्या फलाटावर उभं राहायचं. व्हॅटिकनच पाहायचं असेल तर तेर्मिनी या मुख्य स्टेशनला न जाता सान पिएत्रो स्टेशनला उतरा, हा तुमचा सल्ला एकट्यानेच दोन्ही बाजूंचा मिळून तासभर वाचवतो. कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो, हेही तुमच्याकडूनच कळलं.

संपाची गोष्ट तर आम्हाला कुठल्याच माहितीपत्रकात सापडली नव्हती. इटलीत रेल्वेचा संप आधी जाहीर होतो आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत लोकल गाड्या चालवणं बंधनकारक असतं. सकाळी गाडी मिळते म्हणून माणसं निश्चिंत रोमला जातात. परतीची हमीची गाडी सुटते तेव्हा जहाजाचे दोर सोडायची वेळ झालेली असते. अशा दिवशी जहाजाचीच सहल घ्यायची, कारण ती बस उशिरा आली तर जहाज थांबतं. स्वतःहून गेलेल्यांसाठी थांबत नाही, आणि पुढचं बंदर त्यांना स्वखर्चाने गाठावं लागतं. म्हणून पासपोर्टची प्रत आणि रोजच्या पत्रकावरचा बंदरातल्या एजंटचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवायचा. फोनची बॅटरी संपली तरी कागद राहतो.

लिव्होर्नोला उतरून फ्लोरेन्सचा हट्ट धरू नका, असं तुम्ही गुडघे दुखणाऱ्यांना सांगितलंत. बंदर मालवाहतुकीचं, आत चालायला बंदी, शटल बसने गावात, तिथून स्टेशन, मग दीड तासाची गाडी. त्यातून सोमवार असेल तर उफित्सी हे तिथलं चित्रसंग्रहालय बंद. त्याऐवजी पिसा, तेही सान रोस्सोरे स्टेशनवरून. तिथून मनोरा पाच-सात मिनिटांवर आहे. नेपल्सला जहाज गावाच्या दारातच लागतं, तिथे कुणाचीच गरज नाही.

व्हिसाबद्दल थोडक्यात. कुशादासी तुर्कस्तानात, म्हणजे शेंगेनबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर). तिथून पिरिअसला येणं हा दुसरा प्रवेश. शिक्का मल्टिपल एन्ट्रीचा नसेल तर बार्सिलोनालाच चढू देत नाहीत. तुर्कस्तानचे नियम वेगळे, ते वेगळे तपासायचे. आमच्या अर्जांच्या यादीत ही ओळ आता सगळ्यात वर आहे.

घड्याळाचंही तसंच. नेपल्सनंतर ग्रीसकडे जाताना एक तास पुढे जातो. फोन मात्र जो टॉवर सापडेल त्याची वेळ दाखवतो, आणि जहाजाची वेळ दर बंदराच्या वेळेशी जुळेलच असं नाही. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावायचं आणि त्याच्यावरच चालायचं. फोन समुद्रात फ्लाइट मोडवर, कारण जमिनीवरचं रोमिंग पॅक जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला लागू होत नाही आणि बिल भलतंच येतं.

सँटोरिनीसाठी तुमचे आभार वेगळे मानायला हवेत. तिथे समुद्र इतका खोल की जहाज नांगर टाकू शकत नाही; छोट्या नावांनी किनारा गाठायचा. आदल्या दिवशी तुम्ही डेकवर आमच्या आजी-आजोबांना उभं करून सराव करून घेतलात. काठी आणि पिशवी आधी खलाशाकडे द्यायची, दोन्ही हात मोकळे. पंजात पंजा द्यायचा नाही, एकमेकांचं मनगट धरायचं. घामाने पंजा निसटतो, मनगट निसटत नाही. नाव लाटेवर वर येऊन फळीच्या पातळीला क्षणभर थांबते, तेव्हाच पाऊल टाकायचं. नाव खाली जात असताना टाकलेलं पाऊल अधांतरी पडतं. आणि एकदा वजन पुढे टाकलं की मागे ओढायचं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे पाय नेमके त्याच क्षणी पडले.

सँटोरिनीच्या कड्यावरच्या फिरा गावाहून खाली जुन्या बंदरात यायला केबल कार किंवा सहाशेच्या आसपास पायऱ्या. पायऱ्या गुळगुळीत, त्यावर खेचरांची लीद, त्यामुळे उतरताना घसरायची भीती चढण्यापेक्षा जास्त. दोन-तीन जहाजं एकाच दिवशी आली की दुपारी केबल कारची रांग गल्लीबाहेर जाते. जहाजाची सहल घेतली तरी बस फिरालाच सोडते, म्हणजे ही रांग कुणालाच चुकत नाही. शेवटच्या नावेच्या दोन तास आधी रांगेत, हा तुमचा नियम आम्ही मोडत नाही.

सुरक्षा कवायतीला काहीजण कंटाळले होते. तेव्हा तुम्ही शांतपणे कोस्टा कॉन्कॉर्डियाबद्दल सांगितलंत. १३ जानेवारी २०१२ ला ते जहाज चिवितावेक्कियाहूनच निघालं आणि त्याच रात्री जील्यो बेटाजवळ खडकावर आदळलं. ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायची बाकी होती. तेव्हाच्या नियमाने ती २४ तासांत घेतली तरी चालत होतं. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घ्यावी लागते. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा इशारा आमच्या गटात त्यानंतर सगळ्यांना पाठ होता. जेवणाआधी नुसतं सॅनिटायझर चोळू नका, साबणाने हात धुवा, कारण उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसला सॅनिटायझर पुरत नाही, हेही सगळ्यांनी पाळलं.

कंपनीला आम्ही वेगळं पत्र पाठवलं आहे. त्यात तुमच्या बिल्ल्यावरचं नाव, विभाग, सफरीची तारीख आणि डेकवरच्या सरावाचा उल्लेख आहे. सफर संपल्यावर ईमेलने येणाऱ्या प्रश्नावलीतही गटातल्या प्रत्येकाने तुमचं नाव लिहिलं आहे. नुसतं ‘स्टाफ छान होता’ लिहिलं तर ते कुणाच्याच खात्यावर जमा होत नाही, नाव लिहिलं तर होतं.

आपले ऋणी,
पुण्याहून येणाऱ्या ज्येष्ठांच्या गटाचे संयोजक